चारचौघांसारखे होण्याची इच्छा

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात, विद्यार्थ्यांच्या गुणगौरवप्रसंगी केलेले भाषण)



परीक्षेत वरचा क्रमांक मिळविणाऱ्या मुलांना शाल व पुस्तके द्यावयाची आणि मग वडीलधाऱ्यांपैकी कोणी तरी उपदेशाचे चार शब्द बोलावयाचे, अशी आपल्या मंडळाची प्रथा आहे. हे दुसरे काम यंदा माझ्याकडे आले आहे. परंतु मुलांना उपदेश करणारी माणसे घरोघरी पुरेशी आहेत. त्यांत मी भर घालीत नाही. मला आज बोलावयाचे आहे ते मुख्यतः मागच्या रांगांत बसलेल्या आईबापांशी.

घरात एखादे तल्लख मूल निपजले म्हणजे आपण त्याला कौतुकाने 'वेगळे' म्हणू लागतो. 'हा आमच्यातला नव्हेच,' 'कोणावर गेला कोण जाणे,' असे आल्यागेल्यांना सांगतो. सांगताना आपला ऊर भरून येतो. ऐकताना त्या मुलाचा येतोच असे नाही. शाळेत ते घरच्या परिस्थितीमुळे वेगळे पडते आणि घरी शाळेमुळे. आपण चारचौघांसारखे असतो तर किती बरे झाले असते, हा विचार त्याच्या मनात किती वेळा येऊन जातो हे आपल्या गावीही नसते. कधी ते बोलून दाखवितेच, तर आपण त्याला नादान ठरवितो. ही इच्छा नादानपणाची नाही, एवढेच मला सांगावयाचे आहे. आणि त्यासाठी मी आपल्याच साताऱ्यातील एका मुलाची हकीकत घेणार आहे.

साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, ७ नोव्हेंबर १९०० रोजी हा मुलगा इंग्रजी पहिलीत दाखल झाला. शाळेच्या रजिस्टरात १९१४ या क्रमांकापुढे 'भिवा रामजी आंबेडकर' या नावाची नोंद आहे. २०१७ पासून महाराष्ट्र शासनाने तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळावयाचे ठरविले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविषयी बोलताना आपण बहुधा राज्यघटनेपासून आरंभ करतो आणि तेथेच थांबतो. मी गोणपाटाच्या एका तुकड्यापासून आरंभ करतो.

वर्गात मुले आपापल्या क्रमांकाप्रमाणे बसत. भिवाचा क्रमांक काहीही असो, त्याची जागा ठरलेली. ती म्हणजे कोपरा. बसावयास गोणपाटाचा तुकडा घरून आणावयाचा आणि सायंकाळी घरी न्यावयाचा, कारण शाळा झाडणारा नोकरही त्याला हात लावीत नसे. तहान लागली तर शिपायाने तोटी सोडली पाहिजे. शिपाई जागेवर नसेल तर तहान तशीच. सातारा शहरात न्हावी होते, आणि सुभेदार रामजी सकपाळांच्या घरात न्हाव्यास देण्यापुरते पैसेही होते. तरी भावांचे केस मोठी बहीण कापी. धुणेही घरच्या घरीच होई. आई भीमाबाई साताऱ्यातच वारल्या होत्या.

हे सर्व त्यांनी स्वतः इंग्रजीत लिहून ठेवले आहे. ते टिपण 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने १९९० साली, त्यांच्या निधनानंतर चौतीस वर्षांनी, पुस्तिकारूपाने छापले गेले. ज्यांच्या घरी इंग्रजी वाचणारे मूल आहे त्यांनी ते त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावे. पाने थोडी आहेत.

त्यातील पहिलाच प्रसंग १९०१ सालचा. दुष्काळी कामावर खटाव तालुक्यात गोरेगाव येथे तलाव खोदला जात होता आणि रामजी तेथे कॅशियर होते. त्यांनी सुटीसाठी मुलांना बोलाविले. भिवा तेव्हा नऊ वर्षांचा. बरोबर थोरला भाऊ आणि बहिणीची दोन मुले. प्रवासासाठी नवे विलायती सदरे, चमकीदार टोप्या, रेशीमकाठी धोतरे, नवे जोडे, अशी सर्व तयारी झाली. दहा मैलांवरील स्टेशनापर्यंत टांगा केला. प्रत्येकाच्या खिशात खर्चावयास दोन दोन आणे. स्टेशनावर पोचताच या चौघांनी काय केले असेल? एकेक बाटली लेमोनेड मागवून प्याले!

बंधूंनो, या लेमोनेडपाशी मी नेहमी थबकतो. त्या दिवशी दोनचार तास ही मुले केवळ मुले होती. नवे कपडे घालून सुटीला निघालेली, आगगाडीच्या खिडकीशी बसलेली, आपल्या तुमच्या पोरांसारखी पोरे. ज्याला 'सामान्य असणे' म्हणतात ते त्यांना त्या आगगाडीत मिळाले, आणि पाचच्या सुमारास मसूरच्या स्टेशनावर संपले.

स्टेशनमास्तरांना पोशाखावरून ही कोणा उच्चवर्णीयांची मुले वाटली. त्यांनी आपुलकीने चौकशी केली. 'तुम्ही कोण?' असे विचारताच भिवा काहीही विचार न करता बोलून गेला, 'महार.' मास्तरांचा चेहरा पालटला आणि ते आत निघून गेले. बाहेर गाडीवाले उभे होते. दुप्पट भाडे देऊ केले तरी कोणी तयार होईना. अखेर एक जण एका अटीवर राजी झाला : बैल मुलांनीच हाकावयाचे, तो पायी चालणार. पुढे जकातनाक्यावर पाणी मागितले ते मिळाले नाही. डबा अन्नाने भरलेला होता, परंतु पाण्यावाचून घास उतरेना. चौघे उपाशी निजले आणि दुसऱ्या दिवशी गोरेगावी पोचले. येण्याचे पत्र वडिलांना मिळालेच नव्हते. शिपायाने ते दिले नव्हते.

आता ही हकीकत सांगून आपण हळहळतो आणि मोकळे होतो. मला विचारावयाचे आहे ते असे, की मसूरला त्या सायंकाळी उभे असलेले गाडीवाले कोण होते? त्यांनाही ज्ञाती होती, सोयरेधायरे होते, घरी लेकरे होती. त्यांच्यात दुष्ट असा बहुधा एकही नसेल. ते चारचौघे होते. त्या मुलाला ज्यांच्यासारखे व्हावयाचे होते ते हेच चारचौघे, आणि त्याला तसे होऊ न देणारेही हेच. ज्ञातीच्या व्यासपीठावरून हे बोलणे काहींना रुचणार नाही. परंतु ज्ञातीच्या संस्थेत हे बोलावयाचे नाही तर कोठे बोलावयाचे?

आणखी एक गोष्ट. साताऱ्यातील हा मुलगा पुस्तकातला किडा नव्हता. अभ्यासापेक्षा झाडे लावण्यात आणि शेळ्या राखण्यात त्याचे मन रमे. वडिलांनी दुसरे लग्न केले तेव्हा तो मनातून फार दुखावला आणि स्वतःच्या पायांवर उभे राहावयाचे त्याने ठरविले. काही काळ साताऱ्याच्या स्टेशनावर त्याने हमालीही केली. पुढे त्याच्या कानावर आले, की साताऱ्याकडील मुलांना मुंबईच्या गिरण्यांत काम मिळते. झाले! शाळा सोडून मुंबईस जावयाचे आणि गिरणीत पोऱ्या म्हणून राहावयाचे! भाड्यासाठी आत्याच्या कमरेची पिशवी पळविण्याचा त्याने लागोपाठ तीन रात्री प्रयत्न केला. चौथ्या रात्री ती हाती आली. उघडून पाहतो तो आत अर्धा आणा. त्या अर्ध्या आण्याने त्याला स्वतःची लाज वाटली, आणि अभ्यास करून वडिलांच्या ओझ्यातून लवकर मोकळे व्हावयाचे असा निश्चय त्याने केला, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे.

चरित्रकार या प्रसंगाचा शेवट तेवढा उचलतात. मला त्याचा आरंभ अधिक महत्त्वाचा वाटतो. जगातील मोठमोठ्या विद्यापीठांनी ज्याला पुढे पदव्या दिल्या, त्याला त्या वयात व्हावयाचे होते गिरणीतला पोऱ्या, हजारांतला एक. आपल्या घरी एखादे हुशार मूल एके दिवशी म्हणते, 'मला नको ते कॉलेज, मी दादाबरोबर दुकानात बसतो,' तेव्हा आपण त्याच्यावर खेकसतो. त्या बोलण्याच्या मागे आळसच असतो असे आपण धरून चालतो.

मग त्या मुलाला धरून कोणी ठेविले? उपदेश करणाऱ्यांनी नव्हे. त्याच शाळेत आंबेडकर आडनावाचे एक ब्राह्मण मास्तर होते. मधल्या सुटीत भिवाला जेवावयास दूर घरी जावे लागू नये म्हणून ते आपल्या शिदोरीतील भाजीभाकरी त्याला देत. पुढे बाबासाहेब गोलमेज परिषदेस निघाले तेव्हा या मास्तरांनी त्यांना पत्र पाठविले, आणि ते त्यांनी जपून ठेविले. दुसरे पेंडसे मास्तर. एकदा भर पावसात छत्री न घेता हट्टाने भिजत आलेल्या भिवाला त्यांनी आपल्या मुलाबरोबर घरी धाडले, ऊन पाण्याने आंघोळ घालविली, नेसावयास लंगोटी दिली आणि तशाच वेषात वर्गात बसविले. बिचारा लाजेने रडू लागला. पण पाहा, लंगोटी नेसून वर्गात बसावे लागले म्हणून रडणे, हे दुःख कोणत्याही पोराचे असू शकते. भाकरी आणि ऊन पाणी, याहून या दोघांनी अधिक काही केले नाही.

जुन्या सातारा जिल्ह्यातीलच आणखी दोन गावांची नावे घेतो. १९४९ साली जिल्ह्याचा दक्षिण भाग वेगळा होऊन दक्षिण सातारा झाला आणि १९६० साली त्याचे सांगली असे नामांतर झाले. त्यातील वाळवे तालुक्यात वाटेगाव आहे. मांग समाजातील तुकाराम भाऊराव साठे १ ऑगस्ट १९२० रोजी तेथे जन्मला. शाळा त्याला दीड दिवस मानवली. मुंबईच्या कामगारवस्तीत तो अण्णा भाऊ झाला, आणि १९५९ साली त्याची 'फकिरा' कादंबरी आली. सरकारने ज्या जमातीवर गुन्हेगारीचा शिक्का मारला होता, त्याच आपल्या माणसांना त्याने ताठ मानेने कथानायक केले. आपण कोणासारखे नाही याची खंत त्या पानांत शोधून सापडत नाही. दुसरे गाव आटपाडी. पूर्वी औंध संस्थानातले. तेथील शंकरराव खरात मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले, १९८४ साली जळगावच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले. १९८१ साली त्यांनी आत्मचरित्र लिहिले तेव्हा त्याचे नाव ठेविले 'तराळ-अंतराळ'. तराळकी म्हणजे गावचा हरकाम्या म्हणून राबण्याचे काम. कुलगुरुपदाच्या झुलीखाली तो शब्द सहज झाकला गेला असता. त्यांनी तो मुखपृष्ठावर घातला. तेवढे करावयास माणसाला साठीच्या उंबरठ्यापर्यंत यावे लागले, हेही ध्यानात असू द्यावे.

आपल्या मुलांचे दुःख या दुःखांच्या पासंगालाही पुरणार नाही, हे मी जाणतो. बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही. पण जत, आटपाडीकडून सांगलीच्या कॉलेजात आलेला मुलगा पहिले वर्षभर आपली बोली गिळून गप्प बसतो, आणि दिवाळीला घरी गेला की भाऊबंद त्याला 'साहेब' म्हणून चिडवितात. त्याने बोलावे तरी कोठे? आपण आज त्याला शाल देतो आणि परत जाताना त्याच्या धाकट्या भावाला म्हणतो, 'बघ, शीक काही तरी!' घरी गेल्यावर हा भाऊ त्याच्याशी खेळेल काय? मुलींची गोष्ट तर आणखी निराळी. आपल्याच स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर उपवर मुलींची यादी छापली जाते. जास्त शिकलेल्या मुलीची पदवी तीत 'थोडी कमी करून' घालावी, अशी विनंती आईबापांकडून येते. ती मुलगी स्वतःची यादी स्वतः वाचते, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

तेव्हा कार्यकारी मंडळास माझ्या दोन सूचना आहेत. गुणगौरवास मुलाला एकट्याला व्यासपीठावर न बोलाविता त्याच्या भावंडांसह बोलवावे, आणि जेवणाच्या पंगतीत बक्षीस मिळविलेल्या मुलांची वेगळी रांग मांडू नये. दुसरी सूचना यादीसंबंधी : मुलीची पदवी जशी असेल तशीच छापावी, कमी करून मागणाऱ्याचा मजकूर परत करावा. या गोष्टींना खर्च काही नाही. सर्वसाधारण सभा उद्या सकाळी आहे. तेथे हे विषय घ्यावेत अशी अध्यक्षांना माझी विनंती आहे.