कालचें कूळ, आजचा मालक
(भोर-वेल्हे भागांतील शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेलें भाषण)



आज घरचीच गोष्ट बोलणार आहें. भोर संस्थान 1948 सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालें. त्याच सालच्या कूळकायद्यानें कोरडवाहू जमिनीच्या खंडाला पिकाच्या एकतृतीयांशाची व बागाइताच्या खंडाला एकचतुर्थांशाची मर्यादा घातली, खंडाची पावती देणें मालकावर बंधनकारक केलें आणि खंडाखेरीज वेठ वा हक्क घेण्यास मनाई केली. पुढें 1 एप्रिल 1957 या कृषकदिनीं, कांहीं अपवाद सोडून, कसणारें कूळच जमिनीचें मालक मानलें गेलें. ज्याच्यापाशीं पावती, त्याची बाजू भक्कम. ज्याचा व्यवहार तोंडीं, त्याच्यावर साक्षीदार धुंडाळण्याची पाळी!

आतां काळ पालटला. नसरापुराकडे हमरस्त्यालगत आपल्याच माणसांनीं खोल्या बांधल्या, भोरच्या पेठेंत कोणी गाळा भाड्यानें दिला. कालचीं कुळें आज मालक झालीं. आणि भाडें थकलें, कीं आपल्या तोंडीं तीच जुनी भाषा येते: "उद्यां सामान बाहेर फेकतों!" अहो, हीच धमकी आपल्या आज्यांनीं ऐकली होती ना?

मी बुडव्याची तरफदारी करावयास उभा नाहीं. खोलीसाठीं काढलेल्या कर्जाचा हप्ता कोणासाठीं थांबत नाहीं. पण अडेल भाडेकरूशीं बोलणीं रागानें होत नसतात, हिशेबानें होतात.

पहिली गोष्ट, वही घेऊन जा. कोणत्या महिन्याचें किती आलें, किती राहिलें, तें त्याच्यापुढें मांडा. चारचौघांत त्याची अब्रू काढूं नका. मात्र एखादा जाणता शेजारी बरोबर असूं द्या.

दुसरी, कारण विचारा. पगार दहा तारखेला आणि भाडें एक तारखेला, असें असेल तर तारीख बदलण्यांत मालकाचें काय जातें? छप्पर गळत असेल, तर आधीं तें नीट करा. खरें गाऱ्हाणें मिटलें, कीं खोटी सबब उरत नाहीं.

तिसरी, झेपेल तेवढेंच मागा. समजा, भाडें 3000 रुपये व तीन महिने थकले. नऊ हजार एकदम मागाल, तर हातीं धत्तुरा येईल. चालू भाड्याबरोबर दरमहा 1500 घ्या; सहा महिन्यांत बाकी फिटेल. हें लिहून दोघांच्या सह्या घ्या आणि आलेल्या प्रत्येक रुपयाची पावती द्या.

चौथी गोष्ट कराराची. 31 मार्च 2000 पासून अंमलांत आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणें भाड्याचा करार लेखी व नोंदलेला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल, तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. त्या खोट्या ठरविण्याचें ओझें मालकावर. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, 5000 रुपयांपर्यंत दंड वा दोन्ही होऊं शकतात. नोंदणीचा थोडा खर्च वांचवूं पाहणारा असा सांपडतो.

एवढें करूनही तो देत नसेल, तर नोटीस द्या व न्यायालयांत जा. वीज-पाणी तोडणें, कुलूप ठोकणें, गुंड बोलावणें हा मार्ग नव्हे. त्यानें खरी बाजूही खोटी पडते.

जोतीराव फुल्यांनीं 1883 सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तेव्हां अक्षरशून्य शेतकरी कागदापुढें नागवला जात होता. आज लेखणी आपल्या हातीं आहे. आपल्या आज्यांना जी पावती मिळाली नाहीं, ती आपल्या भाडेकरूला द्या. तिच्यांत त्याचें रक्षण आहे, आणि आपलेंही.