दुष्काळाने नेमून दिलेले काम



‘दुष्काळात तेरावा महिना’ ही म्हण आपण खेड्यापाड्यांतली माणसे सहज वापरतो. एक संकट पुरते सरत नाही, तोच दुसरे दारात उभे. अशा वेळी माणूस विचारतो, ‘देवा, हे माझ्याच वाट्याला का?’ ख्रिस्ती श्रद्धा या प्रश्नाला काय उत्तर देते, ते पंडिता रमाबाईंच्या आयुष्यावरून पाहू या.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवायचे, आणि तीर्थोतीर्थी पुराण सांगून गुजराण करायचे. १८७४ च्या सुमारास दुष्काळ पडला. उपासमारीत आधी वडील गेले, पाठोपाठ आई गेली, मग बहीण गेली. उरली सोळा वर्षांची रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघे पायी हिंदुस्थानभर हिंडली. १८७८ मध्ये कलकत्त्याला विद्वानांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरविले. पण १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी लग्न झाले, आणि १८८२ मध्ये कॉलऱ्याने पती बिपिनबाबू गेले. मुलगी मनोरमा तेव्हा वर्षाचीसुद्धा नव्हती.

सांगा, ज्या बाईचे घर असे पुन्हा पुन्हा बसले, तिने काय करावे?

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तेथे ख्रिस्ती भगिनी समाजाने टाकलेल्या स्त्रियांना जवळ करून नीट जगायला शिकवीत आहेत, हे त्यांनी पाहिले. ‘तुम्ही हे का करता?’ असे विचारल्यावर एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील विहिरीची गोष्ट वाचून दाखविली. भर दुपारी एक शोमरोनी बाई पाण्याला येते. तिचे पाच संसार झालेले. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवीत नसत. तरी येशू तिच्यापाशी पाणी मागतो, तिच्याशी बोलतो. आणि ती बाई घागर तिथेच टाकून गावात सांगत सुटते. त्याच वर्षी वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

मंडळी, या गोष्टीत एक बारकावा आहे. येशू त्या बाईला ‘तुझ्या आयुष्याचे असे का झाले’ याचा खुलासा देत नाही. तो तिला माणूस म्हणून मानतो आणि ती कामाला लागते. रमाबाईंनाही ‘का’ चे उत्तर मिळाले नाही; ‘कोणासाठी’ याचे मिळाले.

मात्र श्रद्धेने वाट काही सोपी केली नाही. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेले. तेथे ख्रिस्ती शिकवणुकीवरून वाद पेटला. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि पुष्कळ पालकांनी आपल्या मुली परत नेल्या. दोन्हीकडच्या माणसांना आपापली बाजू खरी वाटत होती. रमाबाईंनी काम सोडले नाही. पुण्याजवळ केडगावला जमीन घेतली, झाडे लावली. संस्थेला पुढेमागे उत्पन्न व्हावे, हा हेतू.

आणि १८९६-९७ मध्ये पुन्हा दुष्काळ! रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. रस्त्याकडेला हाडांचे सापळे झालेल्या पोरी पाहिल्या. अशा पोरी म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगायला नको होते; वीस वर्षांपूर्वी त्या स्वतःच तशा होत्या. सुमारे ३०० मुलींना त्यांनी आणले. पुण्यात प्लेग चालू, म्हणून केडगावच्या जमिनीवरच त्यांना आसरा दिला. उत्पन्नासाठी घेतलेले रान अन्नछत्र झाले. तेच मुक्ति सदन. १९०० च्या दुष्काळानंतर तेथे दीड हजारांहून अधिक माणसे होती.

शिक्षकबंधूंनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या मुलींना रमाबाईंनी नुसते जेवू घातले नाही, तर प्रत्येकीच्या हाताला काम दिले. विणकाम, शेती, दूधदुभते, तेलाचा घाणा, छापखाना. आंधळ्या मुली बोटांनी वाचायला शिकल्या. स्वतः रमाबाई हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करीत होत्या, आणि ते छापण्याचे काम केडगावच्या बायकांनी केले.

१९२१ मध्ये मनोरमाही गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. केडगावचे काम आजही चालू आहे.

तात्पर्य काय? दुःख चांगले असते, असे ख्रिस्ती श्रद्धा म्हणत नाही. दुःख वाया जाऊ द्यायचे नाही, एवढेच ती सांगते. ज्याने उपास काढले त्याला दुसऱ्याची भूक लवकर ओळखू येते. ती ओळख हेच त्याला नेमून दिलेले काम. आपला धर्म कोणताही असो, वाईट दिवसांत ‘माझ्यासारखे आणखी कोण आहे?’ एवढे विचारून शेजारी पाहावे. बहुधा काम तिथेच वाट पाहत असते.