वांकड्या रेषेची लांबी

सुतार वांकडी कमान मोजतांना तिला दोरा लावतो, मग तो ताणून गजावर धरतो. संगणकाच्या पडद्यावरील रेषेला दोरा कोण लावणार? इंकस्केपसारख्या रेखनसाधनांत वक्र रेषा फ्रान्समधील मोटार-अभियंता बेझिए याच्या पद्धतीनें, चार बिंदूंच्या आधारें काढतात. तिची लांबी सोप्या सूत्रानें सहसा सांपडत नाहीं. म्हणून यंत्र तिचे अधिकाधिक बारीक तुकडे घेऊन बेरीज करतें. नवी बेरीज आधींच्या बेरजेहून नाममात्र वेगळी आली कीं थांबतें. लहान तुकडा सरळच भासतो. परिघाचा शंभरावा भाग सपाट दिसतो, हें भास्कराचार्यांनीं शके १०७२ मध्यें सांगून ठेवलेंच आहे.

परंतु बेरीज कितीही बिनचूक असली तरी गज खरा पाहिजे. इंकस्केपचा इंच पूर्वीं ९० एककांचा होता; २०१७ सालच्या ०.९२ आवृत्तीपासून तो ९६ एककांचा झाला. जुनें चित्र न सुधारतां उघडलें, तर १६ इंचांची कमान १५ इंचच भरते आणि त्या आंकड्यावर कापलेली तार तोकडी पडते. म्हणून जाणता कारागीर चित्रांतील ठाऊक असलेली एखादी सरळ बाजू आधीं मोजून पाहतो. ती जुळली, तरच कमानीच्या आंकड्यावर विश्वास ठेवावा.