नी-कॅप वाढत्या अंगाची नको

शालेय स्पर्धांचे दिवस आले की मेडिकलच्या दुकानात हा संवाद हमखास ऐकू येतो. "पोरीसाठी नी-कॅप द्या हो." "कितवीत आहे?" "सातवीत." दुकानदार वयावरून अंदाज करून एक खोकं पुढे सरकवतो आणि आई म्हणते, "जरा मोठीच द्या, वाढतं अंग आहे." आज रेडिओवर मला मिळालेली सगळी मिनिटं मी या एका वाक्यावर खर्च करणार आहे.

अंगानं सडपातळ, पाय काटकुळे, आणि दिवसभर मैदानावर. अशी मुलं साधारण दहा ते पंधरा वर्षांची झाली की त्यांतले काही जण गुडघ्याची तक्रार घेऊन येतात. वाटीच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाला जो उंचवटा असतो, तिथे बोटही लावू देत नाहीत. याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. बोस्टनचे ऑसगुड आणि झुरिकचे श्लॅटर, या दोन डॉक्टरांनी 1903 साली आपापल्या जागी त्याचं वर्णन केलं. या वयात हाडं झपाट्यानं वाढतात, मांडीचा पुढचा स्नायू त्यांच्यापुढे तोकडा पडतो आणि त्याची ओढ त्या उंचवट्यावरच्या कोवळ्या कूर्चेवर येते. खो-खोत उकिडवं बसायचं आणि खो मिळाला की तीरासारखं सुटायचं. प्रत्येक उठण्याला ती ओढ बसते. वाढ पूर्ण झाली की हे दुखणं बहुधा थांबतं. पण तोवरची वर्षं खेळण्याचीच असतात ना!

आधी डॉक्टरांना दाखवा, हे सांगायला नको. गुडघा सुजला, अडकू लागला, रात्री दुखून मूल जागं झालं, ताप आला, तर नी-कॅप शोधत बसूच नका. आणि मूल लंगडत असेल तर खुबाही तपासून घ्या, कारण खुब्याचं दुखणं पुष्कळदा गुडघ्यात जाणवतं.

आता नी-कॅप. जूनमध्ये आपण गणवेश वाढत्या अंगाचा शिवतो. पँट लांब झाली तर खाली दुमड घालतो, कमरेत सैल झाली तर पट्टा आवळतो. पुढच्या वर्षी दुमड उसवली की झालं. नी-कॅपला दुमड नसते. गणवेश अंगावर नुसता लोंबला तरी त्याचं काम होतं. नी-कॅपचं कामच धरून ठेवण्याचं आहे. सैल नी-कॅप म्हणजे नुसतं कापड. आणि शिंपी तरी "सातवीत आहे" एवढ्यावर कात्री चालवतो का? तो टेप काढतो, कंबर घेतो, मांडी घेतो, पायाशी घेर घेतो. मग गुडघ्याच्या बाबतीत आपण टेप का काढत नाही?

मुलाला सरळ उभं करा, पाय सैल सोडायला सांगा. वाटीच्या मधोमध टेप फिरवा. मग वाटीच्या वर मांडीचा घेर घ्या आणि खाली पोटरीचा. किती अंतरावर घ्यायचा, ते खोक्यावरच्या चित्रात असतं. प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा, म्हणून एकीचा स्मॉल दुसरीचा मीडियम निघतो. खेळून आल्याआल्या मोजू नका. मापं कागदावर लिहा आणि तो कागद दुकानात न्या.

तीन मापं कशासाठी? सडपातळ मुलाची मांडी गुडघ्यापेक्षा फारशी जाड नसते. नळीसारख्या नी-कॅपला वर अडकायला जागाच मिळत नाही, ती घसरते. खो-खोच्या एका सामन्यात मी पाहिलं, पाटीवर बसलेली मुलगी दर खोच्या आधी दोन्ही हातांनी नी-कॅप वर ओढत होती. उठली की ती पुन्हा पोटरीवर, आणि गुडघ्यामागच्या लवणीत कापडाचा गोळा. त्या गोळ्यानं तिची कातडी लाल झाली होती. अशा पायाला गुंडाळून वेल्क्रोनं लावायचा पट्टा बरा, किंवा वरच्या काठाला आतून सिलिकॉनची पट्टी असलेली नी-कॅप. नुसत्या उंचवट्याचं दुखणं असेल तर वाटीखाली बांधायचा अरुंद पट्टाही कित्येकांना पुरतो.

घसरते म्हणून आवळू मात्र नका. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, खालच्या बाजूला, एक छोटं हाड हाताला लागतं. त्याच्या मानेला वळसा घालून एक शीर पावलाकडे जाते आणि काटकुळ्या पायात तिच्यावर मांसाची गादी जवळजवळ नसते. पट्टा तिथे रुतला तर पावलाच्या वरच्या बाजूला मुंग्या येतात, पाऊल उचलायला जड जातं. मूल "मुंग्या आल्या" म्हणालं की पट्टा तिथल्या तिथे सोडा. खेळ थांबला तरी चालेल.

पुन्हा सांगते, कारण मधूनच रेडिओ लावलेल्यांनी ऐकलं नसेल: वयावर नाही, मापावर घ्या. वाढत्या अंगाची घेऊ नका. अंग वाढेल तेव्हा पुन्हा मोजा; दर दोन-तीन महिन्यांनी टेप काढा. दुकानातच घालून उठाबशा काढायला लावा, जागेवर धावायला लावा. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे.

घामानं ती रोज भिजते, म्हणून रोज हातानं धुवून सावलीत वाळवा. वेल्क्रोत मैदानाची माती अडकली की तो धरत नाही, जुन्या टूथब्रशनं साफ करा. झोपताना काढून ठेवा. आणि मांडीचा स्नायू ताणण्याचे व्यायाम, ते तर पट्ट्याहूनही... समोरून वेळ संपत आल्याची खूण होते आहे. ते व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून समजून घ्या, रेडिओवरून दाखवता येत नाहीत.

घोट्याच्या पट्ट्याबद्दल बोलायचं राहिलंच. तिथे डावा-उजवा बघावा लागतो, बूट घालूनच माप जुळवावं लागतं, आणि मुरगळलेला घोटा सुजलेला असताना... ते पुढच्या वेळी.