मुळांचे अदृश्य रक्षक



टोमॅटो, मिरची वा वांग्याच्या गादीवाफ्यावर नुकतीच उगवलेली रोपे एकाएकी जमिनीलगत मऊ पडून आडवी होतात. यालाच ‘रोपे कोलमडणे’ म्हणतात. बुरशीसदृश पिथियम आणि रायझोक्टोनिया बुरशी हे त्याचे प्रमुख रोगकारक होत. पुढे फ्युजेरियम बुरशीमुळे मर रोग उद्भवतो. हे रोगकारक जमिनीत दीर्घकाळ तग धरतात. त्यामुळे पानांवरील फवारणी निरुपयोगी ठरते. जमीन निर्जंतुक करणारा मिथाइल ब्रोमाइड वायू ओझोन थरास घातक असल्याने माँट्रियल करारांतर्गत त्याचा सर्वसाधारण वापर थांबविण्यासाठी विकसित देशांना २००५, तर विकसनशील देशांना २०१५ ही मुदत देण्यात आली. साहजिकच जैविक उपायांचे महत्त्व वाढले.

उपकारक बुरशींचे दोन प्रकार लक्षात ठेवावेत. पहिली ट्रायकोडर्मा. ती रोगकारक बुरशीच्या तंतूंना विळखा घालते व विकरांच्या साहाय्याने त्यांची भित्तिका विरघळविते. रिचर्ड वाइंडलिंग यांनी १९३२ मध्ये तिची ही परजीवी वृत्ती दाखवून दिली. दुसरी मायकोरायझा. १८८५ मध्ये ए. बी. फ्रँक यांनी हे नाव दिले. ही बुरशी मुळांशी सहजीवन साधते. वनस्पतीकडून शर्करा घेते, स्फुरद व पाणी मिळवून देते आणि मुळांची रोगप्रतिकारक्षमता वाढविते. मात्र कोबी, फुलकोबी व मुळा यांच्या मुळांशी तिचे असे सहजीवन जुळत नाही. कायद्याच्या दृष्टीनेही दोहोंत भेद आहे. ट्रायकोडर्माची नोंदणी कीटकनाशके अधिनियम, १९६८ अन्वये झाली, तर मायकोरायझाचा समावेश खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये जैविक खत म्हणून करण्यात आला.

हे उपाय प्रतिबंधात्मक आहेत. मर लागलेले झाड त्यांनी पुन्हा उभे राहत नाही. म्हणूनच संरक्षणाचा आरंभ रोपवाटिकेत व्हावा लागतो. बियाण्यास प्रतिकिलो सुमारे ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळावे, तसेच चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून ते ओलसर जमिनीत द्यावे. कार्बेन्डाझिमसारखे बुरशीनाशक सोबत वापरल्यास ट्रायकोडर्माच नष्ट होते. स्फुरदाची अतिरिक्त मात्रा दिल्यास मायकोरायझाची वाढ खुंटते.

पाकिटात जिवंत जीव असतो. मुदत संपलेले वा उन्हात तापलेले पाकीट हाती पडले, तर अल्पभूधारकाचा पैसाच नव्हे, हंगामही वाया जातो आणि त्याचा जैविक शेतीवरील विश्वास उडतो. तेव्हा या तंत्राचा प्रसार करताना गुणवत्ता नियंत्रण आणि कृषी विस्तार यांना प्रयोगशाळेइतकेच महत्त्व द्यावयास हवे.