कुरकूर, कोटी आणि खटपट

(कासारवाडीतील यंदाच्या उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून व्याख्यान म्हटलं की राष्ट्र, धर्म, अर्थकारण असे भारदस्त विषय आपल्याला अपेक्षित असतात. मला विषय विचारला, तेव्हा मी ‘गळका नळ’ असं सांगितलं. संयोजक हसले. मग त्यांच्याही घरी एक नळ गळतोय असं निघालं आणि विषय मंजूर झाला.

उभा जन्म मी कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यात काढला. त्यामुळे माणसं काय बोलतात यापेक्षा कशावरून कुरकुरतात याकडे माझे कान जास्त असतात. आपल्याकडे याचा एक क्रम ठरलेला आहे. आधी कुरकूर करायची, मग तिच्यावर एखादी कोटी करायची, आणि तरी भागलं नाही तर आपल्या घरापुरती काहीतरी खटपट करून मोकळं व्हायचं. तिन्ही गोष्टी मला प्रिय आहेत. पण घरापुरती केलेली खटपट पुष्कळदा शेजाऱ्याच्या दारात नवी कुरकूर होऊन उभी राहते. आज मला बोलायचं आहे ते त्यावर.

सुरुवात गावापासून करू. कासारवाडीला कुरकुरीचा तुटवडा नाही. इकडून जुना मुंबई-पुणे रस्ता, तिकडून लोहमार्ग, वर मेट्रो, आणि नाशिक फाट्यावर जेआरडी टाटांच्या नावाचा दुमजली उड्डाणपूल. या पुलावर कुठून चढलं म्हणजे कुठे उतरतो हे पाहुण्याला फोनवर समजावून सांगणं ही आपल्याकडे एक स्वतंत्र कला आहे. हॉर्न, धूळ, लोकलची वाट, रिक्षाचं भाडं, सगळं एका टापूत. म्हणून इथले विनोदही जागेवरचे असतात.

मेट्रोचंच घ्या. ६ मार्च २०२२ रोजी पिंपरी-चिंचवड ते फुगेवाडी हा टप्पा सुरू झाला. नाशिक फाट्यावरच्या स्टेशनला नाव मिळालं भोसरी. आता भोसरी गाव तिथून किती लांब हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक. लगेच कोटी निघाली : ‘मेट्रोनं भोसरीला पोचलो, आता भोसरीला जायला रिक्षा बघतोय.’ चहाच्या टपरीवर ती महिनोन्‌महिने चालली. पण लक्षात घ्या, नाव बदललं ते कोटीनं नव्हे. काही लोकांनी चिकाटीनं अर्ज, निवेदनं दिली, पाठपुरावा केला, आणि पुढे स्टेशनचं नाव नाशिक फाटा झालं. कोटीनं तक्रार सगळ्यांच्या तोंडी राहिली, अर्जानं ती कागदावर आली. ज्यांनी अर्ज केले त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. कोटी मात्र तोंडपाठ आहे.

आता खटपटीकडे येऊ. आपलं पिंपरी-चिंचवड शहर खटपट्या माणसांचं आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली आणि पुढे कारखान्यांची रांग लागली. १९७० साली नगरपालिका, ११ ऑक्टोबर १९८२ रोजी महानगरपालिका. खानदेश, मराठवाडा, विदर्भ, कोकण, सोलापूर, जिथून तिथून माणूस हातात आयटीआयचं सर्टिफिकेट घेऊन इथे उतरला. आपल्या कासारवाडीत तर महापालिकेची मुलींची आयटीआय आहे. मुंबई-पुणे रस्त्यावरच्या एकशे सहाव्या मैलाच्या दगडासमोर फोर्ब्ज मार्शल वाफेची उपकरणं बनवते. वाफ कुठे वाया जाते हे शोधणारी माणसं ज्या गावात राहतात, त्या गावात घरोघरी नळ गळावेत, याला काय म्हणावं?

नळ का गळतो? बहुतेक वेळा आतला रबरी वॉशर कडक झालेला असतो. नळ बंद होईना की आपण आणखी जोर लावून पिळतो. त्यानं वॉशर आणखी चेपतो, मग आणखी जोर. शेवटी आट्या जातात आणि पाच मिनिटांचं काम नवीन नळावर जातं. खरं काम एवढंच : मेन कॉक बंद करा, नळ उघडून साचलेलं पाणी जाऊ द्या, पान्ह्यानं वरचा भाग सोडवा, स्पिंडलखालचा वॉशर बदला. जोडावर टेफलॉन टेप गुंडाळायची असेल तर ती आट्या ज्या दिशेनं आवळतात त्याच दिशेनं गुंडाळा. उलटी गुंडाळली की आवळताना सुटून गोळा होते आणि आपण दुकानदाराला शिव्या देतो. एम-सील लावायचं तर दोन्ही भाग एकजीव रंग येईपर्यंत मळा आणि जागा कोरडी करा. वाहत्या पाण्यावर एम-सील थापणारा माणूस आशावादी असतो, प्लंबर नसतो. आणि गीझरला हात लावण्याआधी मेन स्विच बंद. यात विनोद नाही.

सेकंदाला एक थेंब धरा. दिवसाचे ८६,४०० थेंब झाले. थेंब लहान धरा की मोठा, चार ते वीस लिटर पाणी गेलं. नळ फक्त रात्री ऐकू येतो, पण गळतो दिवसभर.

ही घरगुती कारागिरी जगभर विनोदाचा विषय आहे. जेरोम के. जेरोम या इंग्रज लेखकाचं ‘थ्री मेन इन अ बोट’ १८८९ साली आलं. त्यातले पॉजर काका भिंतीवर एक तसबीर टांगायला घेतात. सगळं घर कामाला लागतं. कुणी हातोडी आणतं, कुणी शिडी धरतं, काका बोट कापून घेतात, खिळा हरवतात, आणि मध्यरात्रीच्या सुमारास तसबीर लागते ती वाकडी. हे काका प्रत्येक सोसायटीत आहेत. नावं घेत नाही, त्यातले दोघे पहिल्या रांगेत आहेत.

इंग्रजांची एकूणच ख्याती अशी की हवामान, उशिराची रेल्वे आणि कचऱ्याचे डबे यांवर कुरकुरण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. लंडनमध्ये १९३२ पासून महाराष्ट्र मंडळ आहे, म्हणजे आपली माणसंही तिथे मुरलेली आहेत. तिकडे नव्यानं गेलेला मराठी माणूस हमखास विनोद करतो तो बेसिनच्या नळांवर. जुन्या घरांत गार पाण्याचा नळ वेगळा आणि गरम पाण्याचा वेगळा. एकाखाली हात गोठतो, दुसऱ्याखाली भाजतो. विनोद फर्मास आहे, पण त्यामागे कारण आहे. गार पाणी थेट सार्वजनिक लाइनवरून येई, पिण्याजोगं. गरम पाणी माळ्यावरच्या टाकीतून येई. त्या टाकीत काय पडलंय कुणी पाहिलं? घरातलं साठवलेलं पाणी उलटं जाऊन गावाच्या लाइनमध्ये मिसळू नये म्हणून दोन्ही वेगळे ठेवायचा नियम होता. एकाच्या टाकीनं गल्लीला आजार नको, एवढाच हिशोब. गैरसोय प्रत्येकानं आपल्या बेसिनवर सोसली आणि तिच्यावर विनोद करत राहिले.

आता हा हिशोब आपल्या गल्लीला लावून पाहू. नोव्हेंबर २०१९ मध्ये आपल्या शहरात दिवसाआड पाणी सुरू झालं. पाहुणा म्हणून आलेला हा नियम घरजावई होऊन बसला. कोट्या भराभर आल्या. ‘आमच्या कॅलेंडरात वार दोनच, पाण्याचा आणि बिनपाण्याचा.’ ‘माणसं एकादशीला उपास करतात, आमचा नळ एक दिवसाआड करतो.’ हसलो. मग खटपट सुरू झाली. प्रत्येकानं एक टाकी वाढवली. पिंपं आली, बादल्या आल्या. आणि काहींनी लाइनला थेट मोटार लावली.

या मोटारीचं काम नीट बघा. पाणी जेमतेम प्रेशरनं येतंय. एकानं मोटार लावून खेचलं की पुढच्या घराची धार बारीक होते. तो दुसऱ्या दिवशी मोटार आणतो. मग तिसरा. गल्लीत सगळ्यांकडे मोटार आली की पाणी पूर्वी होतं तेवढंच असतं, वाढतं ते विजेचं बिल. आणि एक गोष्ट दिसत नाही. पुरवठा बंद असताना पाइप रिकामा असतो. जोड कुठे ढिला असेल आणि शेजारून ड्रेनेज जात असेल, तर ती घाण आत झिरपते. त्यात मोटारीनं खेच दिली की ती आपण स्वतःहून घरात ओढून आणतो. मग पाण्याला वास येतो, आपण कुरकुरतो, फिल्टर बसवतो, आणि फिल्टरवाल्यावर कोटी करतो. एका तक्रारीतून तीन खर्च निघाले आणि मूळ तक्रार कुणीच केली नाही.

पाण्याबद्दल बोलताना आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पवना धरणातून बंद जलवाहिनीनं पाणी थेट शहरात आणायच्या योजनेला मावळच्या शेतकऱ्यांचा विरोध होता. ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊरजवळ आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला. तिघांचा जीव गेला. काम वर्षानुवर्षं थांबलं. आपण नळ सोडून दात घासतो, ते पाणी कुणाच्या तरी शेताच्या उशापायथ्याने येतं. तेव्हा ‘पाणी का नाही’ हे विचारताना ‘आलेलं कुठे गेलं’ हेही विचारावं लागतं, आणि हा दुसरा प्रश्न आपल्याच मोरीत येऊन थांबतो.

मग करायचं काय? विनोद बंद करायचा? मुळीच नाही. थर्ड शिफ्टला पहाटे चार वाजता यंत्र बंद पडलं की पहिली कोटी फिटर करतो, आणि त्यानंच हात चालायला लागतात. पण कारखान्यात आम्ही कोटीपाशी थांबत नसू. आमच्या लाइनवर एक ऑपरेटर रोज म्हणायचा, ‘साहेब, या कंपनीत माझी बढती नाही, नुसतं वाकणं आहे.’ पार्ट्सची पेटी जमिनीवर असायची, दिवसभर वाकून एकेक उचलायचा. सगळे हसायचे. एके दिवशी सुपरवायझरनं त्याला सांगितलं, हेच सूचनेच्या फॉर्मवर लिही. भंगारातल्या अँगलचा कमरेइतका स्टँड झाला. पेटी वर आली, कंबर सुटली, कामही लवकर उरकायला लागलं. कायझेन म्हणतात ते हेच. कुरकूर हा त्याचा कच्चा माल असतो. जपानी लोकांनी तिला फॉर्म दिला, नंबर दिला आणि उत्तर देणारा माणूस नेमून दिला.

टोयोटात पाच वेळा ‘का’ विचारायची पद्धत आहे. ती आपल्याही पार्किंगमध्ये चालते. दारात डबकं का? पाइप गळतो. का? जोड सुटला. का? केबलसाठी खोदलं तेव्हा धक्का लागला. का? पाइप कुठे आहे हे खोदणाऱ्याला माहीत नव्हतं. का? ते कुणी विचारलं नाही, आणि आपण गॅलरीत उभे राहून खोदकामाचा व्हिडिओ काढत होतो. पाचव्या उत्तरात आपण स्वतः भेटतो, म्हणून लोक तिसऱ्यालाच थांबतात.

या शहरात तक्रार ऐकायची सोय आहे. १५ ऑगस्ट २०१३ रोजी महापालिकेनं ‘सारथी’ ही हेल्पलाइन सुरू केली, ८८८८००६६६६. क्षेत्रीय कार्यालयं आहेत. तिथलं काम नेहमी चोख होतं असं मी म्हणत नाही. पण ‘आमच्याकडे पाणीच येत नाही हो’ ही तक्रार नव्हे, तो उसासा झाला. तक्रार अशी असते : अमुक गल्ली, अमुक इमारतीसमोर, अमुक तारखेपासून, पाणी सोडल्यावर अमुक वेळ धार बारीक, शेजारच्या इमारतीत ठीक. मेंटेनन्सवाल्याला असा निरोप आला की तो योग्य पाना घेऊन येतो. नाहीतर येतो, बघतो आणि पाना आणायला परत जातो. त्या गेलेल्या माणसावर आपण पुढची कोटी करतो.

तेव्हा माझी मागणी लहान आहे. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर एक कागद लावा. वर तक्रार लिहा, तारखेसह. तिच्याखाली मिळालेला तक्रार क्रमांक. त्याखाली, जागा उरली तर, कोटी. आठ दिवसांनी कुणीतरी त्या क्रमांकाचं काय झालं ते विचारायचं. विचारणारा दर वेळी वेगळा असू द्या, म्हणजे एकाच माणसाचं नाव ‘तक्रारखोर’ पडणार नाही. घरातली दुरुस्ती घरात करा, पोरांना आणि पोरींनाही हातात पाना देऊन करा. फक्त करताना एकदा भिंतीपलीकडे बघा, आपल्या युक्तीचं पाणी कुणाच्या घरी मुरतंय.

 आणि कुणाच्या लाइनला मोटार असेल तर ती आज रात्रीच काढा. उद्या पाण्याचा वार आहे.