शेल वायू : पाण्याचा ताळेबंद आधी मांडावा

शेल वायूच्या अर्थकारणात वायूच्या किमतीची चर्चा पुष्कळ होते. पाण्याच्या खर्चाची मात्र क्वचितच. भारतात या वायूचे भवितव्य बऱ्याच अंशी पाण्यावर अवलंबून आहे.

शेल हा अतिशय घट्ट खडक. त्यात अडकलेला वायू मोकळा करण्यासाठी पाणी, वाळू व थोडी रसायने यांचे मिश्रण प्रचंड दाबाने सोडून खडकाला भेगा पाडाव्या लागतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या २०१६ च्या अहवालानुसार, २०११ ते २०१३ या काळात तेथील एका विहिरीस लागलेल्या पाण्याचा मध्यक सुमारे १५ लाख गॅलन, म्हणजे ५७ लाख लिटर होता. दहा हजार लिटरच्या टँकरने एवढे पाणी आणावयाचे, तर ५७० खेपा होतात. खर्च पाण्याच्या दरापेक्षा त्याच्या वाहतुकीत आणि वापरानंतरच्या विल्हेवाटीत अधिक होतो, तो असा.

विहिरीतून परत येणारे पाणी कमालीचे खारट असते. पेनसिल्व्हेनियात ते नगरपालिकांच्या सांडपाणी प्रकल्पांकडे पाठविले जात असे. परंतु त्या प्रकल्पांना क्षार काढता येत नव्हते आणि ते नद्यांत उतरू लागले. २०११ मध्ये राज्य शासनाने ही पद्धत थांबविण्यास सांगितले. त्यानंतर कंपन्यांनी गाळ काढून तेच पाणी पुढील विहिरीस वापरण्यावर भर दिला. क्षार सहन करणारी रसायने मिळू लागल्याने संपूर्ण निःक्षारीकरणाचा मोठा खर्चही टळला. ओक्लाहोमात तेल व वायूच्या विहिरींतील खारे पाणी खोल जमिनीत सोडले गेले. त्याचा संबंध तेथील वाढत्या भूकंपांशी जोडला गेला.

पुनर्वापर स्वस्त आहे, पण त्याला एक मर्यादा आहे. जवळपास नवी विहीर खोदली जात असेल, तोवरच या पाण्याला गिऱ्हाईक असते. म्हणून विहिरी विखरून न खोदता एका जागी अनेक खोदणे, त्यांना नळवाहिनीने जोडणे आणि अखेरच्या पाण्याची तरतूद आरंभीच करणे आवश्यक ठरते.

भारतात जानेवारी २०११ मध्ये ओएनजीसीला दुर्गापूरजवळील इच्छापूर येथे शेल वायू आढळला. २०१३ च्या धोरणाने सार्वजनिक कंपन्यांना व २०१८ च्या धोरणाने इतर कंत्राटदारांनाही शोधाची वाट मोकळी केली. तथापि मोठ्या प्रमाणावर व्यापारी उत्पादन अद्याप झालेले नाही. दामोदर, कृष्णा-गोदावरी व कावेरी ही संभाव्य खोरी शेतीचीही आहेत. जगातील सुमारे १८ टक्के लोकसंख्या आणि गोड्या पाण्याचा केवळ ४ टक्के वाटा असलेल्या देशात हा संघर्ष कल्पनेतला नाही. तामिळनाडूने २०२० मध्ये कायदा करून कावेरीच्या संरक्षित कृषिक्षेत्रात शेल वायूच्या नव्या शोधकार्यास मनाई केली. शेतकऱ्याचा विश्वास गमावल्यास सर्वांत स्वस्त तंत्रही निरुपयोगी ठरते.

गोड्या पाण्याला पर्याय देशातच आहे. नागपूरचे प्रक्रिया केलेले सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्रास पुरविले जाते. जानेवारी २०१६ च्या वीजदर धोरणाने सांडपाणी प्रक्रिया केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतील औष्णिक केंद्रांना असे पाणी वापरणे बंधनकारक केले. शहरांजवळच्या शेल क्षेत्रांनाही हेच सूत्र लावता येईल.

याबाबतचे निर्णय राजधानी परिसरातच व्हावयाचे आहेत. हायड्रोकार्बन महासंचालनालय नोएडात, तर केंद्रीय भूजल प्राधिकरण दिल्लीत आहे. वायूच्या साठ्याचा आणि पाण्याचा अंदाज एकाच वेळी, एकाच टेबलावर तपासला जावा. पाणी कोठून येईल, किती वेळा वापरले जाईल आणि शेवटी कोठे जाईल, या तीन प्रश्नांची उत्तरे स्थानिक ग्रामसभेपुढे मांडल्यानंतरच पहिल्या विहिरीस मंजुरी मिळावी. अशी पूर्वतयारी हीच पाण्यावरील सर्वांत मोठी काटकसर होय.